लाल दोऱ्याची बाटली

माझं आजोळ माण तालुक्यात. पाऊस कमी, कुसळं फार आणि मेंढरं घरटी. मामांच्या घराच्या जाड मातीच्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यात कंदिलाची जादा काच, मिश्रीची डबी, आजीचं सांध्यांना चोळायचं तेल, खिळे, सुतळी आणि दोन-तीन बाटल्या. त्यांतल्या एका बाटलीच्या मानेला लाल दोरा बांधलेला असे. बाटली खोकल्याच्या औषधाची, आत मात्र मेंढरांच्या जंताचं औषध. मोठा डबा एकट्याला परवडत नसे, म्हणून भावकीतले तिघं-चौघं मिळून एक घेत आणि आपापल्या मेंढरांच्या हिशेबानं वाटून नेत. हाताला लागेल ती रिकामी बाटली त्याला चाले. मामा दोऱ्याला गाठ मारायचे आणि आम्हा पोरांना दरडावायचे, ‘‘ही मेंढरांची हाय. हात लावायचा न्हाई.’’

त्या औषधाची तेवढीच ओळख. नाव नाही, किती पाजायचं ते नाही, कधीचं आहे ते नाही. घरातल्या माणसांना तो दोरा वाचता येत होता. पाहुणा आला, नवी सून आली, रात्री लाईट गेली आणि कुणाला खोकल्याची ढास लागली, तर तो दोरा कोण वाचणार होतं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. माझ्या मनात तो आला कितीतरी वर्षांनी, लिथुएनियातल्या अकरा बायकांची हकिकत वाचली तेव्हा.

लिथुएनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. आपल्याकडे संस्कृत शिकलेल्यांना त्याचं नाव वेगळ्या कारणानं ठाऊक असतं. आज बोलल्या जाणाऱ्या युरोपीय भाषांत फार जुनी रूपं जपून ठेवलेली भाषा तिथली आहे. आपला ‘अग्नि’ तिथं ‘उग्निस’, ‘दंत’ तिथं ‘दांतिस’. मेंढीला संस्कृतात ‘अवि’ म्हणतात, लिथुएनियन माणूस ‘अविस’ म्हणतो. डोळा म्हणजे ‘अक्षि’, तिकडे ‘अकिस’. मेंढी आणि डोळा. या लेखाचा सगळा विषय त्या दोन शब्दांत आहे, आणि ते दोन्ही आपले नात्यातले निघाले, याचं मला अजून नवल वाटतं.

११ मार्च १९९० रोजी या देशानं सोव्हिएत संघातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मॉस्कोनं आर्थिक नाकेबंदी केली. जानेवारी १९९१ मध्ये राजधानी व्हिल्निअसच्या रस्त्यांवर रणगाडे आले, निःशस्त्र माणसं मारली गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सोव्हिएत संघानं स्वातंत्र्य मान्य केलं. देश मोकळा झाला, पण कारखाने, गोदामं, पुरवठा ही पन्नास वर्षांत बसलेली घडी मोडली. दवाखान्यांना मदतीच्या औषधांचा आधार वाटू लागला.

अशाच दान आलेल्या औषधांत एक होतं क्लोझँटेल. सोबत माहितीपत्रक नव्हतं, हे काय आहे आणि कशावर द्यायचं हे सांगणारा कागदच नव्हता. डॉक्टरांनी दुसऱ्या औषधांची माहितीपत्रकं समोर घेतली आणि नावांशी नाव जुळवून पाहिलं. त्या जुळवाजुळवीतून त्यांनी ठरवलं की हे बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तराला आलेल्या सुजेवरचं औषध असावं. ते अकरा जणींना दिलं गेलं आणि अकराही जणींची नजर गेली. क्लोझँटेल हे गुराढोरांच्या, मुख्यतः शेळ्यामेंढ्यांच्या जंतांवरचं औषध होतं. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ही हकिकत छापून आली.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं तिची नोंद घेताना ‘तात्पुरतं अंधत्व’ असे शब्द वापरले. त्या शब्दापाशी मी थांबतो. अंधार तात्पुरता आहे हे मागाहून कळतं. ज्या सकाळी खिडकी दिसेनाशी होते, त्या सकाळी ते कुणी सांगू शकत नाही. सांगणार तरी कोण? ज्यांनी औषध दिलं त्यांनाही ते काय आहे हे माहीत नव्हतं. शिवाय ‘तात्पुरतं’ हा शब्द सगळ्यांच्या वाट्याला येतोच असं नाही. इराणमधून आणि मोरोक्कोतूनही माणसांनी चुकून क्लोझँटेल घेतल्याच्या नोंदी नंतर प्रसिद्ध झाल्या. मोरोक्कोतली नोंद एका लहान मुलीची आहे. डोळ्याच्या पडद्याला किंवा नसेला झालेली इजा मोठी असेल तर गेलेली नजर पुरती परत येत नाही.

त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, आणि अनोळखी औषध अंदाजानं देऊ नये हे खरंच आहे. पण समोर आजारी बाई, कपाट रिकामं आणि दारात मदत म्हणून आलेलं एक खोकं, अशी वेळ आपल्यावर आलेली नाही. मला राग येतो तो खोकं पाठवणाऱ्यांचा. औषध द्यायचं ठरवलं, त्याच्याबरोबर एक कागद द्यायला काय हरकत होती?

खरं तर त्या नावातच एक खूण होती. औषधांची मूळ नावं ठेवताना जागतिक आरोग्य संघटना शेवटची अक्षरं ठरवून देते, म्हणजे नावाच्या शेपटीवरून घराणं ओळखता यावं. ‘अँटेल’ ही शेपूट जंतनाशकांची. पायरँटेल हे माणसांचं, विशेषतः मुलांच्या जंतांवरचं नेहमीचं औषध, मोरँटेल जनावरांचं आणि क्लोझँटेलही त्याच शेपटीचं. गर्भाशयाच्या सुजेशी या शेपटीचा संबंध नाही. पण ही खूण कळायलाही ती ओळखणारा माणूस लागतो. मामांच्या दोऱ्याचंही तेच होतं.

आता हे औषध मुळात काय करतं ते सांगतो, कारण ज्या कामासाठी ते बनवलं त्या कामात ते चोख आहे. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीत ते तयार झालं. त्याची गिऱ्हाइकं तीन. पहिला यकृतातला चपटा कृमी, ज्याला पशुवैद्य लिव्हर फ्लूक म्हणतात. तो आपल्या आयुष्याचा एक टप्पा पाणथळ जागेतल्या गोगलगायीत काढतो. तळ्याकाठचं, ओढ्याकाठचं हिरवं गवत खाल्लं की मेंढीच्या पोटात जातो आणि यकृत पोखरतो. दुसरा हिमाँकस, मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा बारीक जंत. रक्तानं भरलेलं त्याचं आतडं पांढऱ्या अंडाशयाला पिळा घालतं, त्यामुळे मादी हुबेहूब लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला थेंबभर रक्त पितो, आणि एका मेंढीच्या पोटात ते हजारांनी असू शकतात. पापणी उलटी करून पाहिली तर आत कागदासारखी पांढरी, जबड्याखाली पाणी साचलेलं, आणि मग एक दिवस मेंढी बसते ती उठत नाही. मेंढ्या पाळणाऱ्या कुठल्याही घरात हे मरण पाहिलेलं असतं. तिसरं गिऱ्हाईक म्हणजे नाकात वाढणाऱ्या माशीच्या अळ्या.

यांतले पहिले दोघं रक्तावर जगतात, आणि क्लोझँटेलची करामत तिथंच आहे. पोटात गेल्यावर ते रक्तात शोषलं जातं आणि तिथल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला इतकं घट्ट चिकटतं की शंभरातला एखादा अंशही मोकळा राहत नाही. चिकटलेलं औषध मेंढीला त्रास देत नाही. जंत रक्त पितो, अल्ब्युमिन पचवतो आणि औषध त्याच्या अंगात मोकळं होतं. जेवणातूनच त्याला विष मिळतं. शिवाय ते मेंढीच्या रक्तात आठवडेच्या आठवडे टिकतं, त्यामुळे नवा जंत आला तरी त्याची तीच गत. मेंढीला तोंडानं द्यायची मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम. तेवढ्यात जंत मरतो, मेंढी जगते.

पण ती मात्रा ओलांडली की मेंढीही आंधळी होते, शेळी तर लवकर. पशुवैद्यकात हे चांगलं ओळखीचं आहे. वजनकाटा नसतो, नजरेनं वजन धरलं जातं. एकानं सकाळी पाजलेलं दुसऱ्याला माहीत नसतं, तो संध्याकाळी पुन्हा पाजतो. मग काही दिवसांनी कळपातली चार जनावरं कुंपणाला धडकू लागतात, बाहुल्या मोठ्या होऊन तशाच राहतात, उजेड दाखवला तरी आकसत नाहीत.

हे डोळ्यालाच का व्हावं? ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना हे पटकन समजेल. बैल धावेवरून खाली जातात, मोट वर येते, थारोळ्यात पाणी पडतं आणि पाटानं वाफ्यांकडे जातं. आता मोटेला खालून भोक पडलं आहे असं समजा. बैल तितकेच राबतात, अंग तापतं, तोंडाला फेस येतो, पण पाणी वाटेतच गळून जातं. आपल्या प्रत्येक पेशीत अन्न जाळून शक्ती साठवण्याचं असंच काम अहोरात्र चालतं, आणि क्लोझँटेल त्या मोटेला भोक पाडतं. अन्न जळतं, उष्णता होते, कामाची शक्ती हाती लागत नाही. जंत याच कारणानं मरतो. आणि शरीरात शक्तीची सगळ्यात मोठी भूक ज्या ऊतींना असते त्यांत डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, रेटिनाचा नंबर फार वरचा. उजेड टिपणाऱ्या तिथल्या पेशी अंधारातही थांबत नाहीत, उलट अंधारात त्यांचा खर्च वाढतो. मात्रा जास्त झाली की पहिला कोरडा पडणारा वाफा तोच.

दुसरा घाव नसेवर बसतो. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. या औषधाच्या विषबाधेत नसेभोवतीचं वेष्टण फुगतं. हात सुजला आणि मनगटातली बांगडी काढायला जागाच राहिली नाही तर जे होतं, ते त्या बोगद्यात नसेचं होतं. जनावरांच्या शवविच्छेदनात हे दिसलं आहे.

यावर उतारा नाही. प्रथिनाला घट्ट चिकटलेलं औषध डायलिसिसनं काढता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नजर लगेच जात नाही, पुष्कळदा काही दिवस मध्ये जातात. तोवर माणूस ती गोळी विसरलेला असतो. डॉक्टर विचारतात, ‘‘काही वेगळं खाल्लंत का?’’ आणि तो मनापासून नाही म्हणतो. म्हणून कुणी चुकून जनावराचं औषध घेतलं असेल तर त्रास होण्याची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यायचं आणि ती बाटली किंवा वेष्टन सोबत न्यायचं. बाटली मागं ठेवली तर डॉक्टरांच्या हाती पुन्हा नाव जुळवणंच उरतं.

परोपजीवींवरची औषधं आणि डोळा यांचं हाडवैर जुनं आहे. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅटॉक्सिल नावाचं आर्सेनिकयुक्त औषध आलं. नावाचा अर्थच ‘बिनविषारी’. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख १९०६-०७ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातल्या सेसे बेटांवर ते देत होते. गुण टिकेना म्हणून त्यांनी मात्रा वाढवली आणि २२ रोगी कायमचे आंधळे झाले. पुढे कॅमेरूनमध्ये, बाफिया भागात, १९३० च्या सुमारास ट्रिपार्सामाइड नावाच्या त्याच जातीच्या औषधाची मात्रा वाढवली गेली आणि सुमारे ७०० जणांची दृष्टी गेली. ही माणसांचीच औषधं होती, नाव माहीत होतं, डॉक्टर शेजारी उभा होता. तरी मात्रा चुकली आणि डोळे गेले. ज्या औषधाचं नावही नाही आणि मात्राही नाही, ते किती धोक्याचं असेल याचा अंदाज यावरून करता येतो.

तरीही जनावरांच्या औषधाला सरसकट वाईट म्हणायला माझं मन घेत नाही, कारण जगातल्या लाखो डोळ्यांना एका जनावरांच्या औषधानंच वाचवलं आहे. जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यात सातोशी ओमुरा यांना एक सूक्ष्मजीव सापडला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून आयव्हरमेक्टिन काढलं. १९८१ मध्ये ते गुराढोरांसाठी बाजारात आलं. पश्चिम आफ्रिकेत नद्यांच्या काठी काळ्या माशीच्या चावण्यातून जंत अंगात शिरतो आणि हळूहळू नजर नेतो. त्याला नदीकाठचं अंधत्व म्हणतात. या रोगावर आयव्हरमेक्टिन चालेल का, याची माणसांवरची पहिली चाचणी १९८१ मध्येच सेनेगलमध्ये झाली. मग वर्षानुवर्षं मात्रा ठरवणं, दुष्परिणाम मोजणं. १९८७ मध्ये मर्क कंपनीनं या रोगासाठी ते फुकट देण्याचं जाहीर केलं. २०१५ मध्ये ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं.

हेच औषध आपल्याकडेही आलं आहे. हत्तीरोगासाठी दिल्या जाणाऱ्या दोन गोळ्यांत तिसरी म्हणून ते जोडलं गेलं, तेव्हा देशात सुरुवातीला निवडलेल्या जिल्ह्यांत नागपूर होतं, साल २०१९. कार्यकर्ती घरी येते, वय विचारते, उंची पाहते, गरोदर बाईला वगळते, त्याप्रमाणे गोळ्या काढते आणि आपल्यासमोर गिळायला लावते. मूळचं गुराढोरांचं औषध माणसापर्यंत यायचं तर असं, उंची पाहून आणि हातात देऊन यावं लागतं.

कोरोनाच्या काळात अमेरिकेत काही लोकांनी हीच वाट सोडली आणि घोड्यांच्या आयव्हरमेक्टिनच्या नळ्या विकत आणून खाल्ल्या. एका नळीत पाचशे किलोंहून जड घोड्याला पुरेल इतकं औषध. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला लोकांना जाहीरपणे समजावावं लागलं की तुम्ही घोडे नाही. भ्रम, तोल जाणं, झटके येणं अशा तक्रारींनी माणसं दवाखान्यात आली. औषध तेच होतं. मध्ये जो काटा, जी पट्टी आणि जो माणूस असायला हवा होता तो नव्हता.

दानात आलेल्या औषधांची गोष्ट लिथुएनियापुरती नाही. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला. मदत म्हणून पाच हजार टन औषधं आणि वैद्यकीय सामान गोळा झालं. काय आलं आहे हे समजून घ्यायलाच पन्नास माणसांना सहा महिने लागले. त्यांतली किती तरी मुदत संपलेली, किती तरी ओळखता न येणारी. १९९० मध्ये युद्धानं पोळलेल्या दक्षिण सुदानला गेलेल्या खोक्यांत अर्धवट वापरलेली पाकिटं होती, सगळ्यांवर फ्रेंच, जी तिथं कुणाला येत नाही. भूक वाढवणारी औषधंही निघाली, दुष्काळातल्या लोकांसाठी! १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा घराघरातून जुने कपडे गोळा होत होते, ते मला आठवतं. घरातलं नको झालेलं देताना आपल्याला मोकळं वाटतं. ते मोकळं वाटणं घेणाऱ्याच्या किती उपयोगाचं आहे हे आपण पाहायला जात नाही.

१९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं औषधदानाचे नियम काढले. त्यांत लिथुएनियाच्या अकरा जणींचा उल्लेख आहे. नियम साधे आहेत. घेणाऱ्याची गरज पाहून द्या. तिथल्या डॉक्टरांना समजेल अशा भाषेत नाव लिहा, कंपनीनं ठेवलेलं नाही तर औषधाचं मूळ नाव. पोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. जे आपल्या देशात चालणार नाही ते दुसऱ्याला देऊ नका. भारतात तर जनावरांच्या औषधासाठी कायदा आणखी एक गोष्ट सांगतो: वेष्टनावर ‘माणसांसाठी नाही, फक्त जनावरांसाठी’ असं लिहायचं आणि शेजारी पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र छापायचं. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी ते चित्र. हा नियम करणाऱ्या माणसाला मी मनोमन नमस्कार करतो. पण औषध दुसऱ्या बाटलीत ओतलं की चित्र डब्यावरच राहतं.

क्लोझँटेलची गोष्ट अजून संपलेली नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं की नदीकाठच्या अंधत्वाच्या जंताला अळी-अवस्थेतून पुढं जायला जे एन्झाइम लागतं, ते क्लोझँटेल रोखतं. डोळे घालवणाऱ्या या औषधाच्या रेणूतून कदाचित डोळे राखणारा एखादा नवा रेणू बनवता येईल, म्हणून त्यावर काम झालं. त्यातून माणसांसाठी औषध आलेलं नाही. आलंच तर ते मात्रा ठरून, कागद लावून यावं.

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो. देवळी आता नाही, तिथं टीव्ही आहे. मामा थकलेत, मेंढरं मामेभाऊ पाहतो. जंताचं औषध तो घरात आणत नाही, वाड्याच्या छपराला टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो, मूळ बाटलीतच. मी मामांना अकरा बायकांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तुझ्या आजीला खोकला असायचा रं.’’

मामेभावाची धाकटी चार वर्षांची आहे, अजून बालवाडीत. ती पेटीतली बाटली मी तिच्यासमोर धरली, झाकण घट्ट आहे ना ते पाहून, आणि विचारलं, ‘‘ही कुणाची?’’ तिनं चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘म्हशीची.’’